फेब्रुवारीतल्या पाच भाज्या

मुरोहाशी आमच्या दवाखान्यात तेवीस वर्षं एकच परीक्षा घेत आले. स्मृतिभ्रंश आहे का, हे तपासायची ती नऊ प्रश्नांची परीक्षा. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, आणि सगळ्यात शेवटी, भाज्यांची दहा नावं सांगा. पलीकडच्या खोलीत मी मेंदूचे फोटो काढायचो. माझं यंत्र कोट्यवधी येनचं, त्यांच्याकडे कागद आणि पेन्सिल. मी त्यांना फार चिडवायचो.

"काय मास्तर, आज किती नापास?"

ते हसून चहा पुढे करायचे. आता ते नाहीत, आणि तो कडूजार हिरवा चहा मला फार आठवतो.

तोमेआजी एक्क्याऐंशीच्या. आमच्या नोटोच्या किनाऱ्यावर, सकाळच्या बाजारात भाजी विकायच्या. त्या हिवाळ्यात दोनदा त्यांच्याकडून गॅस चालू राहिला आणि मुलगा कात्सुहिको कानाझावा शहरातून धावत आला. आजी नापास झाल्या तर दुकान बंद आणि रवानगी वृद्धाश्रमात, हे तो ठरवूनच आला होता. माझ्या फोटोत काही निघालं नाही. वयाच्या मानाने ठीक. मग सगळी भिस्त त्या कागदावर.

"आजी, भाज्यांची नावं सांगा बघू."

"मुळा, चिनी कोबी, अळकुड्या, पातीचा कांदा, पालक."

"अजून?"

"झाल्या की!"

सहाव्या नावापासून एकेक गुण, म्हणून पाच नावांना शून्य. एकूण तीसपैकी वीस. पास व्हायला एक गुण कमी पडला. कात्सुहिकोने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरोहाशी बर्फ तुडवत बाजारात गेले, मलाही ओढून नेलं. आजींच्या पाटीत पाचच भाज्या होत्या. त्याच पाच.

"आजी, काकडी, टोमॅटो, वांगी माहीत नाहीत का?"

"माहीत नाहीत? अहो, साठ वर्षं विकतेय! पण मास्तर, फेब्रुवारीत कसली आलीये काकडी? ती दुकानातली रबरी कांडी तुम्हीच खा."

मी इतका हसलो की बाजूच्या मासेवालीने मला झापलं. मुरोहाशींनी गुण बदलले नाहीत, तो माणूस खाडाखोड करणाऱ्यातला नव्हताच. पण खाली अख्खं पानभर लिहिलं आणि डॉक्टरांसमोर हटून बसले. आजींचं दुकान वाचलं. मुरोहाशींचा मला तेव्हा खरंच अभिमान वाटला.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आजी पुन्हा तपासणीला आल्या. ऊन मी म्हणत होतं. माझा फोटो तसाच, वयाच्या मानाने ठीक. मुरोहाशींनी शेवटचा प्रश्न विचारला.

"काकडी, टोमॅटो, वांगी, भोपळा, मका," आजी खुशीत सांगत होत्या, "मुळा, चिनी कोबी, अळकुड्या, पातीचा कांदा. आणि पालक! बर्फाखालचा घ्या मास्तर, आता कसा गोड झालाय."

कात्सुहिको बोटांवर मोजत होता. "दहा! आई, दहाच्या दहा!"

मुरोहाशींनी पाचपैकी पाच गुण लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. मग कात्सुहिकोला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाले, "उद्यापासून आजींजवळ कुणीतरी राहायला हवं."

"का? सगळं तर आलं तिला!"

"हो," मुरोहाशींनी त्याचा हात धरला, "ऑगस्टात बर्फाखालचा पालकसुद्धा."