टाळी दोनवर, टाळी चारवर

आमच्या गाण्याच्या वर्गाच्या प्योन माल्सूनबाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉलेजात गेल्या, त्यात त्यांची हौस कमी आणि वॉर्ड ऑफिसची कटकट जास्त होती. दक्षिण कोरियातल्या आमच्या मोकपो गावी, जुन्या बंदरामागच्या समाजमंदिरात नऊ वर्षं दर मंगळवारी त्या आम्हा चौतीस बायकांकडून गाणी गाऊन घेत होत्या. मग एके दिवशी कागद आला, की दोन वर्षांनंतर संगीताची पदवी असेल त्यालाच हा वर्ग मिळेल. बाई जेमतेम बारावी, आणि रियाज सगळा नवऱ्याच्या मासळीच्या दुकानात बांगडे साफ करता करता झालेला. वर्ग गेला असता तर बाई घरात बसून वेड्या झाल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर मीही झाले असते, कारण मंगळवार सोडला तर मला घराबाहेर पडायला दुसरं निमित्तच नव्हतं.

गावाबाहेरच्या कॉलेजात लोकप्रिय संगीताची दोन वर्षांची पदवी मिळते. सोलमध्ये म्हणे अशा एका जागेसाठी शेकडो पोरं येऊन गातात. आमच्याकडे पोरंच जन्माला यायची बंद झालीत, त्यामुळे वीस जागांना अकरा अर्ज आले होते आणि त्यातला एक बाईंचा. प्रवेशाच्या वेळी नामगुंग सरांनी विचारलं, की आवाज कुठे तयार केलात. बाई म्हणाल्या, "बाजारात. पलीकडच्या दुकानापर्यंत पोचायला हवा ना."

कॉलेजात त्यांना सगळ्यात जड गेला तो मानपान. ड्रम वाजवणारा थाक ग्युवॉन त्यांच्या एक वर्ष पुढे होता, म्हणजे मानानं मोठा, आणि वयानं एकवीस. बाई त्याला वाकून 'दादा' म्हणायच्या. तो घाबरून 'मावशी' म्हणत त्याहून खाली वाकायचा. मग बाई आणखी खाली. दोघांपैकी आधी कोण सरळ होणार या भानगडीत त्यांचे तास बुडायचे.

दुसरं संकट टाळीचं. एक-दोन-तीन-चार मोजायचं आणि टाळी दोनवर आणि चारवर द्यायची, असं सर शिकवत. बाईंनी आम्हाला नऊ वर्षं एकवर आणि तीनवर टाळी द्यायला शिकवलं होतं, तीही सणसणीत, म्हणजे तळहातात रक्त खेळतं. स्वतःचा हात त्यांनी सहा महिन्यांत वळवला. आम्हाला मात्र हे नवं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "तुमची टाळी तब्येतीसाठी, माझी परीक्षेसाठी. तुम्ही कशाला डोकं शिणवता?" तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

पदवीची शेवटची परीक्षा म्हणजे नोव्हेंबरातल्या एका दुपारी लोकांसमोर दोन गाणी म्हणायची. गाणं मध्येच थांबलं तर त्याला शून्य, आणि एक शून्य म्हणजे नापास. हे बाईंनी आम्हाला तीनदा बजावलं होतं. आम्ही चौतीसजणी एकसारखी जांभळी जाकिटं घालून, किंबापच्या भातगुंडाळ्या आणि उकडलेली अंडी घेऊन बस करून गेलो. दाराशी फुलांचा उंच स्टँड उभा केला. त्याच्या रिबिनीवर मी लिहून घेतलं होतं, 'पलीकडच्या दुकानापर्यंत!' साथीला ड्रमवर ग्युवॉन होता. त्याला पदवी मिळून वर्ष होत आलं होतं आणि तो घरोघर पार्सलं पोचवत होता. त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढून आला होता.

पहिलं गाणं संथ होतं. आम्ही नाकं पुसत ऐकलं. दुसरं बाईंनी स्वतः रचलेलं, बोटीची वाट बघणाऱ्या बाईचं, चांगलं उडतं. मला राहवलं नाही. पहिली टाळी माझी. वर्गाची पुढारी मीच, त्यामुळे पाठोपाठ तेहतीसजणींच्या टाळ्या पडल्या, एकवर आणि तीनवर. ग्युवॉन दोन-चारवर काठ्या आपटत होता. गिटारवाला आमच्या मागे गेला, पियानोवाली ग्युवॉनला धरून राहिली. बाईंनी हातानं खूण केली, थांबा. आम्हाला वाटलं, जोरात म्हणतायत. आम्ही जोर लावला.

तरीही कसंबसं गाणं शेवटाला नेता आलं असतं. पण बाईंनी हात वर करून बँड थांबवला. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते काय असणार हे मला कळलं. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई स्टेजच्या कडेला आल्या आणि मला माझ्या लेकीच्या नावानं हाक मारून म्हणाल्या, "बोराची आई, रडायचं नंतर. आधी उजवा हात मांडीवर आपटा, तो एक. मग टाळी, ती दोन. परत मांडी, परत टाळी."

"म्हणजे आधी घोट, मग ढेकर," पहिल्या रांगेतल्या एक्याऐंशी वर्षांच्या चोंगोक आजी म्हणाल्या.

"अगदी तस्सं. द्या बघू ढेकर."

चार मिनिटांत आम्हीच काय, बाकीच्या मुलांचे आईबापसुद्धा बरोबर टाळ्या देऊ लागले. बाईंनी गाणं पहिल्यापासून म्हटलं. काय म्हटलं! शेवटी बघते तर सरांचाही हात मांडीवरून टाळीवर चालला होता. पण नियम तो नियम. नंतर ते बाईंपुढे कमरेत वाकून म्हणाले, "हे पोरांना शिकवायला मला एक सत्र लागतं. तरी शून्यच द्यावं लागतंय, माफ करा."

मार्चमध्ये वर्ग दुसऱ्याला गेला. अर्ज एकच आला होता, पदवीवाल्या ग्युवॉनचा. पहिल्या मंगळवारी तो माइक धरून उभा राहिला तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते. हजेरीपटावर सगळ्यात शेवटी विद्यार्थिनी म्हणून बाईंचं नाव होतं. तो म्हणाला, "मावशी, मला इतक्या बायकांसमोर बोलता येत नाही. तुम्ही पुढे या ना." आणि माइक त्यांच्या हातात कोंबून ड्रममागे जाऊन बसला. बाई उठल्या, त्याच्यापुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "दादा, सुरू करू?"

तेव्हापासून ऑफिसच्या कागदावर शिक्षक तो आहे. नोव्हेंबरात बाईंची फेरपरीक्षा आहे, आणि सगळ्यांनी यायचंच असा त्यांचा हुकूम आहे. मी जाणार आहे. फक्त एक आला, की माझा हात अजून आपोआप उठतो. तो मी दुसऱ्या हातानं घट्ट धरून बसणार आहे.