गाडीला लागू नये म्हणून

आमच्या दादाचा एका रस्त्यावर जीव होता असं म्हटलं तर लोक हसतील, पण मी त्याची सख्खी धाकटी बहीण आहे, मला म्हणायचा हक्क आहे. रस्ता तरी केवढा? डांबरी सडक सोडून चढावर वळायचं, की आमच्या चार-सहा घरांपाशी येऊन संपला. खडी-मुरुमाचा, खासगी. सरकारने त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. ज्यांची घरं त्यांनीच सांभाळायचा, असं ठरलेलं होतं, आणि ठरवणारे आपापल्या कामाला निघून गेल्यावर तो दादाच्या गळ्यात पडला.

नोकरी सुटल्यावर माणसं दुपारी झोपायला शिकतात. दादा फावडं आणि घमेलं घेऊन बाहेर पडायला शिकला. खड्ड्यात नुसती खडी ओतून हात झटकणाऱ्यांची त्याला चीड होती. आधी खड्डा कडेने मोकळा करायचा, तळ खरवडायचा, मग मुरूम, वर पाणी, मग धुमसाने ठोकून ठोकून बसवायचा आणि शेवटी खडी. "नाहीतर खड्डा बुजत नाही, नुसता लपतो," असं तो म्हणायचा. आणि रस्ता मध्ये उंच, दोन्ही कडांना उतरता हवा म्हणजे हवाच, पाणी चरात गेलं पाहिजे. "पाणी म्हणजे पाहुणा. दार दाखवलं की गुमान जातो." त्यावर वहिनी म्हणायची, "मग मोरीतल्या गळक्या नळालाही दाखवा की दार." तो नळ अजून गळतो.

वहिनी गेली त्या वर्षी दादाने मधला उंचवटा आणखी वाढवला. मोकळा वेळ आणि ताजी खडी, दोन्ही त्याच्याकडे उदंड होतं. रस्त्यावर येणार कोण, तर ट्रॅक्टर, दूधवाल्याचा टेम्पो, शेजाऱ्यांची जुनाट जीप. सगळी उंच. बुटकी गाडी आमच्याकडे एकच यायची, दादाच्या लेकीची. ज्या गाडीची तो वर्षभर वाट पाहायचा, तिचंच पोट जमिनीपासून किती वर असतं हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

सुट्टीत लेक, जावई, नात, सगळी आली. दादा फाटकात उभा होता, मी त्याच्या मागे. गाडी शेवटचं वळण घेऊन चढली आणि खालून असा आवाज आला की माझ्या दातांतून कळ गेली. इंजिनाचं ऑइल खडीवर सांडत गेलं, काळी रेघ थेट फाटकापर्यंत. जावई उतरला, वाकून पाहिलं, आरडाओरडा केला नाही. "आता या रस्त्याला गाडी आणायची नाही," एवढंच म्हणाला. दोन दिवस ती सगळी राहिली, ओढगाडीच्या मागे गाडी गेली, आणि त्यांच्या मागोमाग दादाने ती काळी खडी फावड्याने उचलून परसाच्या टोकाला नेऊन टाकली. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग फोन सुरू झाले. "कधी येता?" दादा विचारायचा. "रस्ता नीट झाला की येऊच, बाबा," भाची म्हणायची. आता एखाद्याने हे ऐकून सोडून दिलं असतं. आमच्या दादाने ते काम नेमून दिल्यासारखं मनावर घेतलं. इतकी वर्षं ज्या उंचवट्याचं कौतुक सांगितलं, तोच त्याने खरवडून काढला. सगळा रस्ता थाळीसारखा सपाट. मी म्हटलं, "दादा, अरे पाणी?"

"पाण्याचं बघू. गाडीला लागायला नको."

पाण्याने आधी दादालाच पाहून घेतलं. पावसात ते चरात जाईना, मधूनच वाहायला लागलं, मुरूम घेऊन खाली सडकेवर गेलं, चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या झाल्या. दूधवाल्याचा टेम्पो रुतला तेव्हा तो म्हणाला, "दादा, रस्ता मागितला होता, तुम्ही ओढा दिलात." शेजारी जीपमधून नुसते बघत जायचे. दादा फावडं उचलायचा. पाऊस ओसरला की पुन्हा मुरूम, पुन्हा धुमस, पुन्हा सपाट. "रस्ता झालाय गं," तो फोनवर सांगायचा. "हो का? मग बघू, यांना सुट्टी मिळाली की," असं तिकडून यायचं. मला जावयाचा कधी राग आला नाही. भाचीचा यायचा. तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, म्हणून जास्तच यायचा.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर चहा घेत होतो आणि फोन नातीने उचलला. दादाने फोन दोघांना ऐकू येईल असा बशीपाशी ठेवला. "आजोबा, आमच्या गाडीत मी आता पुढे बसते," ती म्हणाली. "खूप उंच आहे. चढायला पायरी लागते."

"नवी घेतली वाटतं?" दादाने विचारलं.

"नवी कुठली? जुनीच झाली. मी बालवाडीत होते ना, तेव्हा घेतली."

आमची नात आता तिसरीत आहे. मी दादाकडे पाहायचं टाळलं. तो म्हणाला, "बरं झालं बाई. उंच बरी." मग तिच्या शाळेचं विचारलं, नीट विचारलं, फोन ठेवला आणि दोघांच्या कपबशा विसळायला उठला. मोरीत तो बराच वेळ होता. गळक्या नळाखाली दोन कप धुवायला इतका वेळ लागत नाही. मला आत जावंसं वाटत होतं, पण जाऊन बोलणार काय? रस्त्याला नावं ठेवता येत होती तोवर सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मुरुमाची ट्रॉली मागवली. खालून, सडकेपासून सुरुवात केली आणि मधला उंचवटा पुन्हा चढवत वर आला. चर मोकळे केले. दूधवाला टेम्पो थांबवून म्हणाला, "आता कसं," आणि दादाने मान हलवली. पुढच्या पावसात पाणी गुमान बाजूने गेलं.

फक्त शेवटच्या वळणापासून फाटकापर्यंतचा तुकडा त्याने तसाच सपाट ठेवला. तिथे पाणी साचतं, दर पावसाने उखडतं, आणि दर वेळी तो बारीक खडी चाळून हाताने पसरतो. मी परवा फाटकाशी उभी राहून विचारलंच, "दादा, हे कशाला? त्यांची गाडी उंच आहे ना आता?"

त्याने वर न पाहता खडीवरून दाताळं फिरवलं.

"असू दे गं," तो म्हणाला. "परत बदलतील एखाद वेळेस."