फाट्यापासूनचं तिकीट

गोवर्धन माळी अंजनगाव सुर्जीचा. संत्र्याचा डोळा भरावा तर त्यानेच, असं दर्यापूरपर्यंतचे बागवाले म्हणत. डोळा भरणं म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा अंकुर सालीसकट काढायचा, जंबुरी लिंबाच्या खुंटाला चीर देऊन आत बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटाने बांधायचा. पाहायला सोपं. हात जड असला की साल फाटते, घाई केली की डोळा वाळतो. गोवर्धनचा डोळा सहसा वाया जात नसे, कारण हातातली ओळ संपेपर्यंत तो तंबाखूची चंचीही उघडत नसे.

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालत होता, तेव्हाची ही गोष्ट. अकोल्याच्या जुन्या शहरातला उत्तमराव आफ्रिकेत एका शेटच्या मळ्यावर कारभारी होता. शेटला तिथे संत्र्याची बाग लावायची होती. उत्तमरावाने सांगितलं, आमच्याकडे एक माणूस आहे, तो आणा. म्हणून गोवर्धन निघाला.

काड्या त्याने स्वतः कापल्या. बायकोने, शकुनने, त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या.

"दर रोज पानी शिंपडजा," ती म्हणाली. "अन् काड्या सुकल्या तं इकडे तोंड दाखवू नोका."

"आगबोटीतून उडी मारू का मंग?"

"काड्या किनाऱ्यावर ठेवा, मंग मारा."

मुंबईहून मोंबासापर्यंत बोटीवर गावचाच पुंजाराम गवंडी सोबत होता. त्याची ही दुसरी खेप. मोंबासाच्या स्टेशनात त्यानेच खिडकीवर गोवर्धनचं तिकीट काढून दिलं, फाट्याच्या स्टेशनापर्यंतचं. पुढे पुंजाराम सरळ जाणार, गोवर्धनने गाडी बदलायची.

"फाट्यावर उतर, हे तिकीट फाटकावर दे अन् छोटी गाडी धर," पुंजाराम म्हणाला. "भेऊ नोको. आपल्या अंजनगावच्या गाडीसारखीच हाये. तशीच रखडत जाते."

फाट्यावर उतरून गोवर्धनने तिकीट फाटकावर दिलं. पलीकडे छोटी गाडी उभी होती आणि खरंच, तसंच बुटकं इंजिन, तसेच डबे. परमुलखात पहिल्यांदा त्याचा जीव थाऱ्यावर आला. चूक झाली ती इथेच. गावाकडे त्याच्या मळ्याजवळ गाडीचा नुसता थांबा होता, तिकिटाची खिडकी नव्हती. लोक चढत, मग गार्ड डब्यात येऊन तिकीट देई. गोवर्धन जन्मभर तसाच बसला होता. इथेही फाट्यावरच्या तिकीटखिडकीकडे न जाता बसला. गठुडं मांडीवर घेतलं, पैसे मुठीत धरले आणि गार्डाची वाट पाहू लागला.

गार्ड आला नाही. प्रत्येक स्टेशनात गोवर्धन डब्याच्या खिडकीतून वाकून मूठ उघडून पैसे दाखवी. मागच्या डब्यापाशी उभा गार्ड हिरवं निशाण हलवी आणि हातही हलवी. 'आत बस' म्हणतोय, आपला नंबर पुढे असेल, असं गोवर्धनला वाटे.

शेटच्या मळ्याच्या स्टेशनात तो उतरला. फाटकावर पंजाबी तिकीटबाबू होता. बाहेर बैलगाडी घेऊन उत्तमराव उभा होता.

"टिकट?" बाबू म्हणाला.

"गार्डसाहब ने दिया नहीं. पैसे हैं." गोवर्धनने मूठ उघडली. घामाने नाणी चिकटली होती.

बाबू हसला. "गार्ड टिकट देता है? कहाँ से बैठे?"

"फाटे से."

"सब यही कहते हैं. मोंबासा से भरो, दुगना."

तोवर गाडी शिटी देऊन पुढे गेली होती. गार्डही तिच्याबरोबर गेला.

उत्तमराव आत आला. त्याने बाबूशी हिंदुस्थानीत बोलणं केलं. शेटचं नाव घेतलं, अडाणी माणूस आहे म्हणाला, पहिल्यांदाच आला म्हणाला. बाबूने मान हलवली आणि फाटकातून बाजूला झाला. "ले जाओ. छोड़ दिया."

"चाल बापा," उत्तमराव म्हणाला. "सुटला तू."

गोवर्धन जागचा हलला नाही. "सुटलो म्हंजे? मी कोनाचं काय नेलं?"

"तिकीट होतं का तुह्यापाशी?"

"नोतं."

"मंग?"

"पैसे होते. देनारा आला नाई. मोंबासापासून फाट्यापरेंत तिकीट घेतलं, ते फाटकावर देल्लं. फाट्यापासून इथपरेंतचं घ्याचं बाकी हाये. तेवढं द्या म्हना, मी बाहेर येतो."

"अरे, तो फुकट सोडून राहिला अन् तू पैसे द्याले भांडून राहिला?"

"तुमी मले कावून बोलावलं, उत्तमरावजी? झाडं सोपवाले. उद्या मळ्यावर मानसं म्हनतील, हा बिनतिकटाचा, शेटच्या नावानं सुटला. अशा मानसाच्या हाती झाडं देता?"

उत्तमराव चिडला. बोलावणं त्याच्या शब्दावर होतं. "अन् काड्या वाळल्या मंग? कोन्या तोंडानं सांगू शेटले?"

हे मात्र गोवर्धनला लागलं. ऊन चढत होतं. इतक्या लांबून आणलेल्या काड्या, आणि मळा समोर असताना त्या स्टेशनात वाळायच्या. फाटकातून बाहेर पाऊल टाकलं की सगळं मिटत होतं.

"गार्ड वापस कब आयेगा?" त्याने बाबूला विचारलं.

"शाम को, इसी गाड़ी से."

"उसको पूछना. तब तक मैं इधर हूँ."

उत्तमराव कपाळाला हात लावून बैलांपाशी जाऊन बसला. गोवर्धन फलाटाच्या टोकाला नळापाशी गेला. गठुडं सावलीत सोडलं. गोणपाट धुऊन पिळलं. एकेक काडी बोटांवर घेऊन पाहिली. टोकं काळी पडलेली कापली आणि सगळ्या पुन्हा गुंडाळल्या. ऊन फिरलं की तो गठुडं हलवी. गोणपाट कोमट लागलं की पुन्हा ओलं करी. जेवला नाही, पाठ टेकली नाही. बाबू खुर्चीतून पाहत होता. पळायचं असतं तर फाटक उघडंच होतं.

ऊन कललं तशी गाडी आली. बाबूने गार्डाला हाक मारली आणि गोवर्धनकडे बोट दाखवलं. गार्ड गोव्याकडचा, मोडकी हिंदी बोलणारा. तो हसायलाच लागला.

"ये आदमी? जंक्शन पे मेरे सामने चढ़ा. बोरी से पानी टपकता था, मैं बोला नीचे रखो, नहीं रखा. फिर हर टेसन पे हाथ बाहर निकालता. मैं समझा सलाम करता है. मैं भी हाथ हिलाया."

बाबूने गार्डाकडे पाहिलं, मग गोवर्धनच्या मुठीकडे. तो आत गेला. फाट्यापासूनचं तिकीट फाडून आणलं, फक्त भाड्याचे पैसे घेतले. दंड घेतला नाही.

गोवर्धनने तिकीट दोन्ही हातांनी घेतलं. चार पावलांवर फाटक. तिथे बाबूनेच हात पुढे केला आणि गोवर्धनने ते त्याच्या हातावर ठेवलं. मग गठुडं खांद्यावर घेऊन बाहेर आला.

"झालं समाधान?" उत्तमरावाने विचारलं.

"हाओ. खुंट कुठी हायेत? उजेड हाये तोवर पाहून घेऊ."

ती बाग लागली. डोळे फुटले, झाडं वाढली. काम पुरं करूनच गोवर्धन परत आला. येताना प्रत्येक तिकीट त्याने स्वतः खिडकीवर उभं राहून काढलं. शकुनने दारातच विचारलं, "काड्या?" तो म्हणाला, "लागल्या." मगच तिने पाण्याचा तांब्या दिला.

पुंजाराम आधीच परतला होता आणि आफ्रिकेत कानावर आलेली ती गोष्ट त्याने गावभर केली होती. "आला का बिनतिकटाचा पाव्हना," तो चारचौघांत म्हणे.

"फाट्यापासूनचं होतं," गोवर्धन सांगे. "अन् तूच म्हनला होता, आपल्या गाडीसारखी हाये म्हनून."

गावच्या मळ्याजवळच्या थांब्यावर मात्र अजूनही तिकिटाची खिडकी नव्हती. दर्यापूरला जायचं असलं की गाडी थांबताच गोवर्धन आधी मागे गार्डाच्या डब्यापाशी जाई.

"बसा ना बापा, येतोच मी डब्यात," गार्ड म्हणे.

"आधी द्या."

गार्ड तिकीट फाडून देई. ते मुठीत धरून गोवर्धन पुढे येई, चढून बसे. मगच गाडी हले.