चुना, धागे आणि भेगाळलेली टाच

चोरखमाऱ्याच्या तलावातून निघणाऱ्या कालव्याला लागून एक कच्चा रस्ता होता. माती चिकण. पाणी मिळालं की फुगायची, उन्हात तडकायची आणि धानाने भरलेले ट्रॅक्टर दरवर्षी तिथंच फसायचे. या मातीत चुना आणि प्लास्टिकचे बारीक धागे मिसळून रस्त्याचा एक तुकडा करून पाहायचं ठरलं. ठेकेदाराकडचा नवखा इंजिनिअर म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

चुन्याने चिकणमातीचं फुगणं कमी होतं, काही दिवसांत ती घट्ट होते. धागे तिला आतून धरून ठेवतात, तडा रुंदावू देत नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथं माती ताटभर होती, इथं ट्रॉलीभर. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने चुना छान मिसळला, पण धागे त्याच्या पात्यांना गुंडाळून बसले. मग गावातल्या सहा बायका कामावर घेतल्या. त्या धाग्यांचे पुंजके बोटांनी मोकळे करत, ओल्या मातीवर विखरत आणि फावड्याने कालवत.

पहिल्या दिवशी चुन्याची चुंगडी, म्हणजे गोणी, फोडताना त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईने विचारलं, "साहेब, हा तंबाखू-सुपारीच्या खर्र्यात टाकतेत तोच चुना होय ना जी?"

मी हसलो. म्हणालो, "हो, तोच."

चुंगडीवरची सूचना मी वाचलेली होती. ओल्या कातडीला चुना लागू देऊ नका, असं त्यावर स्पष्ट छापलं होतं. माझ्या पायात बूट होते. पण कामाला उशीर झाला होता आणि बायका घाबरून परत गेल्या तर काय, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाई रस्त्याच्या कडेला बसलेली दिसली. धानाच्या रोवणीच्या चिखलात तिच्या टाचा भेगाळल्या होत्या. त्या भेगांत चुना बसला होता आणि आतलं मांस लाल झालं होतं.

"केव्हापासून झोंबतंय?"

"सकाळपासून झोंबून राहिलं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुमीच तर बोल्ले, खर्र्यातला होय म्हणून. मले वाटलं, मलेच सोसत नाही."

कालव्याच्या पाण्याने मी तिचा पाय कितीतरी वेळ धुतला. ती संकोचून पाय मागे घेत होती. मग मोटारसायकलवर बसवून तिला तिरोड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम लावून पट्टी बांधली आणि पंधरा दिवस चिखलात उतरू नका म्हणून बजावलं. कापणी तोंडावर आली होती. 

ठेकेदाराला मी फोनवर सांगितलं की बूट आणि हातमोजे आल्याशिवाय चुना मिसळणार नाही. "चूने से कौन मरता है भाई?" तो म्हणाला. तरी मी काम बंद ठेवलं. दोन दिवसांनी हातमोजे आले आणि बूटही, सगळे पुरुषी मापाचे. बायकांनी बुटांत लुगड्याच्या चिंध्या कोंबून ते घातले. चालताना त्या एकमेकींकडे बघून हसत होत्या.

आठवड्याने मी तिच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर बसून ती वाल सोलत होती. सुनेने पाणी आणून दिलं. ते पिऊन मी पेला खाली ठेवला. मग म्हणालो, "चूक माझी होती. मला माहीत होतं."

"तुमाले मालूम होतं?" तिने हात थांबवला. "मंग हासले कायले?"

ती पुन्हा शेंगा सोलू लागली. मग म्हणाली, "पाय तर बरा होऊन राहिला. पण बाकीच्या बायांईले तरी नीट सांगा जी."

ती त्या कामावर परत आली नाही. कापणीलाही तिची सून एकटीच गेली.

रस्त्याचा तो तुकडा पुढच्या पावसाळ्यात टिकला. कडेला एकदोन बारीक तडे गेले, पण चाक रुतलं नाही. माझं कौतुक झालं आणि पुढे असंच काम केशोरीकडे मिळालं. तिथं पहिल्या सकाळी, चुंगडी फोडण्याआधी, मी सगळ्यांना गोळा केलं आणि हा चुना ओल्या कातडीला काय करतो ते सांगितलं. दोन बायका ऐकून घरी निघून गेल्या. त्यांना मी थांबवलं नाही. उरलेल्यांनी बूट मागितले, आणि या वेळी ते त्यांच्या मापाचे होते.