रुकय्याच्या छतावरचा डाग

रुकय्याला नीटनेटकेपणाचं वेड होतं. वेडच, दुसरा शब्द नाही. उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर तिचं दार माझ्या दारासमोर. दापोलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन बहरैनला निघाली तेव्हा सासूने बजावलं होतं म्हणे, पाहुण्याला घराचं उणं दिसता कामा नये. सासू केव्हाच गेली, पण ते वाक्य हिच्या मानगुटीवरून काही उतरलं नाही.

आणि घर तर सगळं उण्यांचंच! गच्चीवरची टाकी गळायची. हॉलच्या छताला हा एवढा तपकिरी डाग, पोपडे थेट चहात पडायचे. रुकय्या त्याखाली कुणाला बसूच द्यायची नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात मालकाने निरोप धाडला, भाडं नव्याने ठरणार. किंमत करणारा माणूस येईल, एकच फ्लॅट बघेल आणि तेच भाडं सगळ्यांना. कोणता दाखवायचा ते तुम्ही ठरवा. पालिकेचा करही भाड्यावरच, म्हणजे एक चढलं की दुसरं चढलंच. रुकय्याचा नवरा ताहिरभाई एका दुकानात क्लार्क, आधीच ओढाताण. भाडं वाढलं तर तुला आणि झोयाला गावी धाडावं लागेल, असं त्याने तिला स्पष्ट सांगितलं होतं. झोया, त्यांची लेक, तेव्हा आठवीत होती.

सगळे भाडेकरू आमच्या हॉलमध्ये जमलो. निवडणूकच म्हणा ना! माझे यजमान शिरीष म्हणाले, "ताहिरभाईंचा फ्लॅट दाखवू. कोण कोण तयार?" सगळ्यांचे हात वर. ताहिरभाईंचासुद्धा. एकट्या रुकय्याचा हात मांडीवर.

"म्हणजे सगळ्यात फाटकं घर माझं," ती म्हणाली.

लोक हसले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. "हे बघ, त्या दिवशी काही म्हणजे काही करू नकोस. झाडूसुद्धा मारू नकोस."

"नाय हो मेधाताई, मी काय करणार?"

त्या दिवशी सकाळी जिन्यात रंगाचा वास आला. मी धावले. दार उघडलं आणि मी बघतच राहिले. ताहिरभाई ड्यूटीवर गेल्यावर बाईने छत पांढरंशुभ्र केलं होतं. नवे पडदे, लग्नातला डिनर सेट, वर गरमागरम सांदणं!

"अगं, काय करून बसलीस!"

"परका माणूस घरात येणार, ताई. त्याच्या कपात पोपडा पडला असता तर?"

पडदे काढायला मी हात घातला तेवढ्यात बेल वाजली.

बहरैनी म्हातारा. ताहिरभाई अर्धी रजा काढून त्याच्याबरोबरच वर आले. म्हाताऱ्याने चपला दारात काढल्या, सलाम केला. इतका सभ्य, की मला धास्तीच वाटली. छत बघून म्हणाला, "माशाल्ला." स्वयंपाकघर बघून, "माशाल्ला." दर माशाल्लाला भाडं चढताना मला दिसत होतं. ताहिरभाई मोडक्यातोडक्या अरबीत गळती सांगू लागले, तर तो छताकडे बोट दाखवून हसला. "मफी," म्हणाला, म्हणजे काहीच नाही. दोन सांदणं खाल्ली, रुकय्याला दुवा दिली आणि गेला. रुकय्याचा चेहरा फुललेला. ताहिरभाई भिंतीला टेकून नुसते उभे राहिले.

भाडं चढलं, सगळ्यांचंच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आठवडाभरात डाग रंगातून परत वर आला. ताहिरभाई मालकाच्या ऑफिसात सांगायला गेले. तिथला माणूस म्हणाला, "खलास." त्यानंतर जिन्यात रुकय्याशी कुणी बोलेना. मीही चिडले होते. का नाही चिडणार?

रुकय्या आणि झोया गावी निघायच्या दिवशी बॅगा दारात, टॅक्सी खाली. ताहिरभाई चारजणांच्या खोलीत राहायला जाणार होते. मी निरोप द्यायला आत गेले तर रुकय्या स्टुलावर चढलेली, हातात ब्रश. झोया रडत ओरडत होती, "मम्मी, लीव्ह इट!"

"अगं बये, आता कुणासाठी?"

"नवे लोक येतील ना, ताई. म्हणतील, कसली बाई राहत होती इथे?"

स्टूल डगमगत होतं. तोंडाला येईल ते मी तिला बोलले, आणि बोलता बोलताच स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले.