कानसेनांचे सोन्याचे प्लग

लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या वसाहतीत आम्ही मराठी मंडळी त्यांना कानसेन म्हणायचो. विमानांचे रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस नुसत्या खरखरीवरून बिघाड ओळखायचा. मी लखनौत कॉलेजात शिकवायचो आणि रविवारी त्यांच्याकडे रेकॉर्डी ऐकायला, खरं तर वहिनींच्या हातचं जेवायला जायचो.

रेकॉर्ड प्लेयरच्या वायरीचे प्लग आणि त्यांवरचा धातूचा मुलामा हे त्यांचं वेड. "कथील आवाज बोथट करतं, निकेल कोरडा," ते सांगायचे. "चांदीचा उजळ, पण ती लवकर काळी पडते. सोनं मात्र आवाजाला धक्का लावत नाही." मी मान डोलवायचो. कळायचं काहीच नाही.

एका हिवाळ्यात त्यांना रेकॉर्डमधली झांज ऐकू येईना. कथलाचे प्लग गेले, निकेलचे आले, मग चांदीचे. "कनेक्शनच खराब है यार," म्हणत ते प्लग पुसत राहायचे. मार्चमध्ये वैद्यकीय तपासणी होती. कान नापास झाले तर रेडिओचं काम सुटणार होतं. वहिनींच्या चहात दोनदा साखर पडायला लागली. मला झांज लख्ख ऐकू यायची. तसं सांगायचा धीर मात्र होत नव्हता.

शेवटी वहिनींनी कुड्यांतले मोती काढून ठेवले आणि सोनं दिलं. चौकातला मुलामा चढवणारा म्हणाला, "साहब, सोना चढ़ा दूँगा, आवाज़ की गारंटी नहीं लेता."

त्या रविवारी कानसेनांनी नवे प्लग लावले. झांज वाजली. ते वाट बघत राहिले. मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून हळूच म्हणाले, "तुम्हाला येतेय ना ऐकू?"

वहिनींनी मान खाली घातली. त्यांचे कान उघडे दिसत होते.

तपासणीची वाट न पाहता ते दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांकडे गेले. "माझ्या कानांच्या भरवशावर विमान उडवायचं नाही," एवढंच म्हणाले. त्यांना भांडारात टाकलं, वर्षभरात बदलीही झाली. जाताना ती वायर आणि जुने कथलाचे प्लग माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझे कान शाबूत आहेत. तूच सांग, सोन्यानं किती फरक पडतो."

मी कथलाचे प्लग लावून ऐकलं, मग सोन्याचे. पुन्हा पुन्हा ऐकलं. मला तसूभरही फरक कळला नाही.

पत्रात मात्र मी लिहिलं, खूप पडतो. वहिनींना कळवा.