अर्धी राहिलेली शपथ

मी जिभेची फटकळ, हे आधीच सांगून ठेवते. कोल्हापूरकडची, त्यात नर्स, त्यात सौदीत अर्धं आयुष्य गेलेलं. इमर्जन्सीत सगळे माझ्या पाठीमागे मला मिरची म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण एकदा भर कोर्टात माझी बोलती बंद झाली, ती आठवली की अजून अंगावर काटा येतो.

खमीस मुशैतच्या वर डोंगरात एक लहानसं गाव आहे, तिथल्या दवाखान्यात मी असते. रमजानात मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळतीच्या वेळची ड्यूटी मी मागून घेते. बरोबरच्या बायकांना रोजा सोडायचा असतो. मला कसला रोजा, माझी चतुर्थीसुद्धा दुपारपर्यंत खिचडीवर येते. त्या वेळेला गावात चिटपाखरू दिसत नाही. दुकानं अर्धी ओढलेली, सिग्नल बिचारा कुणासाठी तांबडा होतोय कळत नाही, सगळी माणसं जेवणाभोवती बसलेली.

अशाच एका संध्याकाळी, बांग होऊन गेल्यावर, एका पोलिसाने एका माणसाला उचलून आत आणलं. हात पाठीमागे, बेड्यांत. मी तोंड बघितलं आणि मला धक्काच बसला. तो आमचा टँकरवाला होता, रायगडच्या किनाऱ्याकडचा, पाण्याचा टँकर चालवायचा. इन्सुलिन न्यायला यायचा आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून दोन मिनिटं जास्त थांबायचा. रोजे धरू नकोस म्हणून डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, मी तर चांगलं झापलं होतं. तो नुसता हसला. म्हणाला होता की बाप या वयात रोजे धरतो आणि मी धरू नको? मग त्याने करायचं तेच केलं. पहाटे इन्सुलिन टोचून घेतलं आणि दिवसभर पोट रिकामं ठेवलं.

मी पोलिसावर ओरडले, बेड्या काढ आधी. त्याने किल्ली लावून त्या काढल्या. बोटाला सुई टोचली तर मशीन आकडाच दाखवेना, नुसतं लो. ग्लुकोज दिलं, छाती दाबली, डॉक्टर घास टाकून धावत आले. काही उपयोग झाला नाही. त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, एक मोठा लालसर वळ होता. तो मी बघितला आणि डॉक्टरांना दाखवला.

साखर उतरली की माणूस बरळतो, झोकांड्या खातो, धरायला गेलं तर मारायला उठतो. आम्हाला हे रोजचं आहे. रस्त्यात त्याला तसं बघून पोलिसाला वाटलं, हा नशेत आहे, तेही रमजानात. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मी फक्त बेड्या घातल्या, तो आपणहून पडला. बघायला होतं कोण? सगळं गाव घरात होतं.

चौकशी झाली, पोलिसावर खटला उभा राहिला. टँकरवाल्याचा बाप गावाहून आला, कोकणातल्याच एका शिंप्याच्या खोलीवर उतरला. सुकलेला, उंच, डोक्यावर जाळीची टोपी. मी त्याला चाचा म्हणू लागले, तो मला बाय म्हणायचा. नुकसानीचा दावा लाव म्हणून लोक त्याच्या मागे लागले, त्याने लावलाही. पण मला मात्र तो एकच सांगायचा, माझा पोर कसा गेला तेवढं मला कळू दे.

माझी मुलगी इंग्रजी मालिका बघून शहाणी झालेली. मला विचारते, मम्मी, ज्युरीत लेडीज पण होत्या का? म्हटलं, बाई, इथे ज्युरी नसते, तीन काझी असतात. त्यांच्यासमोर मी साक्ष दिली, वळ सांगितला, मनगटांवरचे बेड्यांचे व्रण सांगितले. पोलिसाचा वकील म्हणाला, झटापटीत असे वळ उठतातच. डॉक्टरांच्या समितीने लिहून दिलं की माणूस नुसत्या साखरेनेही जाऊ शकतो आणि दाबल्यानेही. झालं! म्हणजे सगळं येऊन थांबलं ते त्या रिकाम्या रस्त्यावर काय घडलं यावर.

माझं काम संपलं होतं, पण चाचासाठी मी कोर्टात जात राहिले. दुभाषा उर्दूत सांगायचा, ते मी त्याच्या कानाशी मराठीत सांगायचे. एके दिवशी मोठ्या काझींनी समजावलं की दाव्यापुरता पुरावा तुमच्याकडे नाही. अशा वेळी तुम्ही समोरच्याकडून शपथ मागू शकता. त्याने अल्लाची शपथ घेऊन नाकारलं की तुमचा दावा संपला. शपथ मागता का?

चाचा लगेच हो म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मध्ये थोडा वेळ मिळाला तेव्हा बाहेर जिन्यात मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, चाचा, अक्कल गहाण ठेवली काय? नोकरी जायची, तुरुंगात जायचं, आणि सुटायला एक वाक्य पुरे. कोण सोडेल? आमच्याकडे पोरंसोरं उठता-बसता आईची शपथ घेतात. तो माझ्यावर रागावला नाही. म्हणाला, तो पोलीस पण त्या दिवशी रोज्यात होता बाय, घेऊ दे. मला वाटलं, म्हातारा संपला.

पुन्हा आत गेलो. पोलीस उभा राहिला. तरुणच होता, दाढी नीट कोरलेली. काझींनी त्याला आधी खोट्या शपथेबद्दल ताकीद दिली. इतक्या हळू आवाजात, की दुभाष्यालाही पुढे वाकावं लागलं. मग म्हणाले, घे.

"वल्लाह," तो म्हणाला आणि थांबला.

अल्लाची शपथ, एवढाच त्याचा अर्थ, आणि हा शब्द इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानावर पडतो. टोमॅटो ताजे आहेत, वल्लाह. मी काल फोन केला होता, वल्लाह. त्याला कुणी किंमत देत नाही. आणि इथे एक धडधाकट माणूस तोच शब्द तोंडात घेऊन उभा होता आणि पुढचा शब्द काही केल्या निघेना. वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला. तो परत म्हणाला, "वल्लाह." पुन्हा थांबला.

मग तो खाली बघून म्हणाला, "मी ही शपथ घेणार नाही."

वकील उठला, त्याला काझींनी बसवलं. पोलीस बोलायला लागला. त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. त्याने त्या माणसाला पालथं पाडलं होतं. गुडघा पाठीवर दिला होता. तो माणूस हिंदीत साँस, साँस म्हणत होता. तो शब्द मला कळतो, पोलीस म्हणाला, आमच्या घरचा ड्रायव्हर तुमच्याकडचाच आहे. पण मला वाटलं, नाटक करतोय. मग बांग झाली, तो म्हणाला. मी खिशातून खजूर काढून रोजा सोडला. गुडघा काढला नव्हता.

हे चाचाला मराठीत सांगताना माझी जीभ लुळी पडली. पण सांगितलं, सगळं सांगितलं. आणि खरं सांगू, त्या पोलिसाचा मला त्या क्षणी संताप यायला हवा होता. तो आलाही, नंतर. आधी आलं ते दुसरंच. दार उघडं होतं, बाहेर पडायला एक वाक्य पुरे होतं, आणि हा बाबा आपल्या पायांनी आत चालत गेला. असं मी जन्मात बघितलं नव्हतं. माझे हात जोडले गेले, कुणासमोर ते मला माहीत नाही.

पोलिसाची नोकरी गेली, त्याला कैद झाली, चाचाचा दावा मान्य झाला. निकाल ऐकून आम्ही बाहेर आलो आणि भिंतीच्या सावलीत टॅक्सीची वाट बघत बसलो. चाचा माझ्याकडे वळला.

"बाय, येक विचारू? तू नर्स हाईस. त्यानं तवा येक खजूर माझ्या पोराच्या तोंडात घातला असता, तं?"

मला वाटलं होतं, हे त्याच्या ध्यानात येणार नाही. मला मात्र कोर्टातच आलं होतं, त्या पोलिसाच्या तोंडून खजूर हा शब्द निघाल्या निघाल्या. इथे मला कुणी शपथ घातली नव्हती. म्हाताऱ्याला दिलासा द्यायला खोटं बोलले असते, तर कोण मला विचारणार होतं? तोंड उघडलं आणि खोटं आलंच नाही.

"गुडघा काढून दिला असता, तर बहुतेक वाचला असता, चाचा," मी म्हटलं.

त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. मला रडू आवरेना. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरा झाला, खरा बोललीस," तो म्हणाला. "पन ह्या खजुराचा त्या पोलिसाच्या कानावर जाऊ देव नको. त्याच्या अजून ध्यानात आला नसंल. त्याला जगायचा हाय."